एका ठोक्याचा उशीर

धाकटी आली त्या सोमवारी अकरा जणांनी विमान आपटलं, आणि त्यातल्या दहा जणांनी मला येऊन सांगितलं की ते त्यांनी आपटलेलं नाही. मी मोजलं. पाच जणांनी सॉफ्टवेअरला दोष दिला, चौघांनी खुर्चीला आणि एकाने सकाळच्या पोह्यांना. अकरावा काही बोलला नाही, नुसता स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत जिन्यावर उभा राहिला. सगळ्यांत शहाणा तोच होता, पण ते कळायला मला दोन दिवस लागले.

आपटलं ते खरं विमान नव्हे. लातूरबाहेरच्या आमच्या मांजरा वैमानिक प्रशिक्षण केंद्रात एक सिम्युलेटर आहे. सहा पायांवर उभी, खोलीएवढी पांढरी पेटी. आत विमानाचं कॉकपिट, समोरच्या पडद्यावर आकाश. नवे विद्यार्थी तिच्यात शिकतात आणि नोकरीला लागलेले वैमानिक दर सहा महिन्यांनी परीक्षेला परत येतात. तिच्या जुन्या सॉफ्टवेअरला आम्ही थोरली म्हणायचो, आणि २०३६च्या नोव्हेंबरात तिच्या जागी आलेल्या नव्याला धाकटी. नावं मीच ठेवली. सवतींचा संसार सांभाळायचा तर नावं हवीत.

मी नलिनी औसेकर, देखभाल अभियंता. यंत्राच्या दुखण्याखुपण्याची वही माझ्याकडे. मुख्य प्रशिक्षक कॅप्टन त्र्यंबक औसेकर हे माझे यजमान. घरी मी त्यांना 'अहो' म्हणते आणि केंद्रात 'कॅप्टन'. 'कॅप्टन'ला पहिल्या हाकेला ओ मिळते, 'अहो'ला तिसऱ्या.

कॅप्टनचा ठोका वैमानिकांच्या जगात प्रसिद्ध होता. "हात दे. एक ठोका थांब. मग बघ." विमान उतरवताना कंट्रोलची दांडी एकदा हलवली की लगेच पुन्हा हलवायची नाही. छातीत एक ठोका पडू द्यायचा, विमान काय उत्तर देतं ते बघायचं, मगच पुढचं. घाई करणारी पोरं थोरलीत झुल्यासारखे हेलकावे घ्यायची, थांबणारी अलगद उतरायची. विमान कंपन्या म्हणायच्या, लातूरचे हात शांत असतात. नऊ वर्षांत असे चारशे अठरा शांत हात केंद्रातून बाहेर पडले. त्यातल्या दीडदोनशे जणांचे वाढदिवस कॅप्टनना पाठ आहेत. माझा विचारू नका.

या चारशे अठरांत एकच डाग, असं ते म्हणायचे, आणि तो आमच्या घरातलाच होता. आमची मुलगी रेवा.

दोन वर्षांपूर्वी रेवाने अठ्ठेचाळीस प्रवाशांचं विमान डोंगरमाथ्यावरच्या एका छोट्या धावपट्टीवर आपटलं. खरं विमान. वाऱ्याचा झोत आला, पुढचं चाक मोडलं. प्रवासी वाचले, पण एका हवाईसेविकेचा मणका कायमचा गेला. चौकशी समितीने 'वैमानिकाची चूक' असं लिहून लेकीचा परवाना काढून घेतला. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बापाने पाणीसुद्धा विचारलं नाही, एवढंच विचारलं, "ठोका चुकवलास ना?"

"नाही बाबा. थांबले होते मी."

"थांबली असतीस तर आपटलं नसतं."

तिने बॅग खालीसुद्धा ठेवली नव्हती, तशीच उचलली. आता ती सांगलीकडे शेतांवर ड्रोन उडवते. दर गुरुवारी दुपारी एक ते एक वीस माझ्याशी बोलते, कारण तेव्हा कॅप्टन वर्गावर असतात.

तर त्या सोमवारी दुपारी आमचे संचालक पोफळेसाहेब जिना चढून आले. काम अडलं की मी 'वहिनी', काम झालं की 'मॅडम'.

"वहिनी, हे कसलं सॉफ्टवेअर म्हणायचं? पोरं रडायलीत की."

"रडत नाहीत साहेब, आपटतात."

"कॅप्टन, तुम्ही तरी सांगा."

कॅप्टन हाताची घडी घालून उभे होते. "वाऱ्याचं गणित चुकवलंय तिनं. माझी माणसं चुकत नाहीत."

"अकराच्या अकरा?" मी म्हटलं.

"तुम्ही वहीत लिहा. सॉफ्टवेअर सदोष. अपग्रेडच्या प्रतीक्षेत."

केंद्रात ते मला अहो-जाहो करतात, तेवढीच माझी बढती. मी लिहिलं. शेवटचे दोन शब्द माझ्या हाताला इतके बसलेले की पेन आपोआप चालतं. बेंगळुरूच्या कंपनीतला इंजिनिअर पडद्यावर येऊन हसला आणि म्हणाला, गुरुवारपर्यंत दुरुस्ती पाठवतो.

मंगळवारी तहसीन शेख आली. वीस वर्षांची, उदगीरची, प्रवेश घेऊन एक दिवस झालेली. थोरलीत कधी बसलेलीच नाही. म्हटलं, हिला नुसती यंत्राची ओळख करून देऊ. तिने दोनदा विमान रेटारेटी करत खाली आणलं आणि तिसऱ्यांदा असं टेकवलं की टेकलेलं कळलंच नाही.

"बरोबर झालं का मॅडम?" ती घाबरून म्हणाली. "मी थांबले नाही. सरांचं ठोक्याचं लेक्चर परवा आहे म्हणाले."

मी तिला चहाला पाठवलं आणि दोन याद्या शेजारी ठेवल्या. एक थोरलीतल्या गुणांची, दुसरी धाकटीतल्या. थोरलीत जो पहिला तो धाकटीत शेवटचा. दुसरा तो शेवटून दुसरा. अकराच्या अकरा नावं वरपासून खालपर्यंत उलटी. बिघडलेलं यंत्र सगळ्यांना सारखंच छळतं. हुशारीचा क्रम बघून, जास्त हुशाराला जास्त, असं ते छळत नाही. म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता.

मी माझी वही काढली. थोरलीचं दुखणं क्रमांक एकशे चौदा.

झालं होतं असं. २०२७मध्ये पडद्यावर चित्र टाकणाऱ्या प्रोजेक्टरची पेटी जळाली. मूळ पेटी मिळेना, म्हणून आम्ही दुसऱ्या बनावटीची बसवली. ती चित्र पाव सेकंद उशिरा दाखवायची. वैमानिकाने दांडी हलवली की काटे लगेच हलायचे, पण समोरची धावपट्टी पाव सेकंदाने. दर तिमाहीची तपासणी संगणकापाशी संपायची, पडद्यापर्यंत जायचीच नाही. त्यामुळे यंत्र पास. मी इमानदारीत लिहिलं: 'दृश्य उशिरा येते. अपग्रेडच्या प्रतीक्षेत.' पुढच्या तिमाहीत तेच पुढे ओढलं. मग पुन्हा. छत्तीस वेळा. खाली छत्तीस सह्या, सगळ्या माझ्या, सगळ्या सुवाच्य.

पाव सेकंद म्हणजे काय? पापणी लवते तेवढा वेळ. पण आमच्या जुन्या बिऱ्हाडात गीझर लांब होता. गरम पाण्याचा नळ फिरवला की पाणी गार ते गारच. आणखी फिरवला की एकदम पाठ भाजायची. महिन्याभरात माझा हात शिकला, थोडं फिरव आणि थांब. हे शिकणं डोक्यात होत नाही, मेंदूच्या मागच्या बाजूला एक लहान मेंदू असतो, तिथे होतं. तो कुणाला न सांगता हिशेब लावतो की हात हलवल्यावर जग किती वेळाने हलतं, आणि हाताला तसं वळण लावून टाकतो. मग आम्ही नव्या घरात आलो. गीझर नळाला खेटून. तिथेही मी थोडं फिरवून थांबायचे आणि तेवढ्यात भाजून घ्यायचे. चार दिवसांत सुटली ती सवय. पण एकदा फोन वाजत होता, दूध उतू जात होतं, आणि घाईत माझा हात बरोबर जुन्या घरात गेला.

लहान मेंदूचं हे असं आहे. नवं शिकतो, पण जुनं पुसत नाही. घाबरगुंडी उडाली की जे सगळ्यात जास्त घोटलंय तेच बाहेर काढतो.

थोरलीत पोरं हेलकावे घेत होती ती या पाव सेकंदामुळे. चित्र हललं नाही असं वाटून आणखी दांडी ओढायची. कॅप्टनना वाटलं, पोरांत संयम नाही. त्यांनी पाव सेकंदाच्या आजारावर पाऊण सेकंदाचं औषध काढलं, ते लागू पडलं, आणि मग ते औषध निरोगी माणसांनाही पाजलं. धाकटी हुशार निघाली. चित्र उशिरा पोचतंय हे तिने पहिल्या तासातच ओळखलं आणि तेवढंच पुढचं चित्र आधी पाठवायला लागली. उशीर शून्य झाला. आणि थांबणारे सगळे आपटले, कारण जमिनीपाशी पाऊण सेकंदात विमान दोन मीटर खाली येतं.

इथवर मला नुसती लाज वाटत होती. धक्का बुधवारी सकाळी बसला.

धाकटीला आणखी एक विद्या येते. प्रत्येक वैमानिकाच्या हाताचं वळण ती ओळखते, जसं आपण अक्षराचं ओळखतो. त्यासाठी विमान कंपन्यांनी तिला सात वर्षांच्या खऱ्या उड्डाणांच्या नोंदी दिल्या होत्या. नावं नाहीत, फक्त क्रमांक, कुठल्या केंद्रात शिकले ते आणि तारखा. मी तिला विचारलं, लातूरचं हे थांबणारं वळण खऱ्या विमानात दिसतं का? तिने अर्धं मिनिट घेतलं. शांत हवेत दिसत नाही, म्हणाली. जमिनीपासून पन्नास फुटांच्या आत, वाऱ्याचा झोत आला तर दिसतं. किती जणांत? चारशे अठरांत चारशे अकरा.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच. संगणक बंद करून चालू केला, जन्मभर हाच उपाय करत आलेय. आकडा तोच.

खाली यादी होती, उड्डाण-तारखांची. रेवाची तारीख शोधायला मला वेळ लागला नाही. ती तारीख मी पाठ केलेली नाही, पण विसरताही येत नाही. 'झोताच्या वेळी पहिला हात: वेळेवर. त्यानंतर हात स्थिर: शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर सेकंद.'

रेवा थांबली होती. बापाने शिकवलं होतं बरोबर तेवढीच थांबली होती.

आणि तिच्या चौकशीला जे उत्तर हवं होतं ते माझ्या कपाटात, माझ्या अक्षरात, दर तीन महिन्यांनी नव्याने लिहिलं जात होतं. मला कुणी विचारलं नाही हे खरं. मी कुणाला सांगितलं नाही हेही खरं. मुलगी घर सोडून गेली त्या तिमाहीतसुद्धा मी सही केली होती, 'अपग्रेडच्या प्रतीक्षेत'.

दुपारी मी विमान वाहतुकीच्या नियामक कार्यालयाला सगळं लिहून मेल पाठवली, याद्या जोडल्या, वहीची पानं जोडली. दोन मिनिटांत आपोआप पोच आली: आपला निरोप मिळाला, सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ.

गुरुवारी सकाळी पोफळेसाहेब पेढे घेऊन वर आले.

"वहिनी, आलं की अपग्रेड! कंपनीनं शब्द पाळला."

मी कंपनीचं पत्र वाचलं. ग्राहकांच्या आग्रहावरून नवीन सोय: पूर्वीच्या यंत्रासारखा अनुभव. चित्र पाव सेकंद उशिरा दाखवण्याची व्यवस्था. खाली दोन सह्यांच्या जागा, देखभाल अभियंता आणि मुख्य प्रशिक्षक.

"साहेब, हे अपग्रेड नाही. आपण नऊ वर्षांचा रोग विकत मागवलाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पेढा हातात तसाच.

"मग असं करू," ते म्हणाले. "आत्ता सही करा. पोरं परत उतरायला लागतील. जानेवारीत नवे प्रोजेक्टर आले की हळूच काढून टाकू. बोंब कशाला मारायची? साठ माणसांची नोकरी आहे इथं."

"आणि जे बाहेर उडताहेत ते?"

"ते उडायलेतच की इतकी वर्षं. पडलं का कोणी?"

बोलून गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कोणाच्या आईशी बोलतोय. छताकडे बघायला लागले. थोड्या वेळाने खाली बघून म्हणाले, "मॅडम, वहीत छत्तीस सह्या कुणाच्या आहेत तेवढं बघून ठेवा. परवाना पहिला तुमचा जाईल."

"बघितलंय साहेब."

ते गेल्यावर मी कॅप्टनना बोलावलं. काय ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता, आणि बत्तीस वर्षांत वादात ते माझ्याकडून एकदाही हरलेले नाहीत. निदान कबूल तरी केलेलं नाही.

"एक तपासणी आहे. बसा खुर्चीत."

"धाकटीत? तिचं गणित चुकलंय म्हटलं ना."

"मग चुकलेलं दाखवून द्या."

ते बसले. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर. पडद्यावर डोंगर आला, त्याच्या माथ्यावर छोटी धावपट्टी. बासष्ट वर्षांच्या हातांनी विमान एका रेषेत खाली आणलं. बघण्यासारखं होतं ते. चाळीस फुटांवर झोत आला, त्यांनी दांडी ओढली, आणि नऊ वर्षं पोरांना रोज करून दाखवत आले तसे थांबले. पेटी हादरली. पडदा लाल झाला.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच, फक्त नाक आणखी खाली.

"कसला वारा हा?" ते म्हणाले. "कुठून आणलास?"

मी तारीख सांगितली.

मग मी सगळं सांगितलं, प्रोजेक्टरची पेटी, पाव सेकंद, चारशे अकरा, शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"मला कधी सांगितलं नाहीस, चित्र उशिरा येतं म्हणून?"

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी, जेवताना. तुम्ही म्हणालात, बरं झालं, पोरं संयम शिकतील."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला.

"आणि मग तू गप्प बसलीस."

"हो. मग मी गप्प बसले. तेवढं माझ्या खात्यावर लिहा."

"लाव परत," ते म्हणाले. "या वेळी थांबत नाही."

मी लावलं. चाळीस फूट. झोत. मी मागून ओरडले, "थांबू नका!" त्यांचा खांदा पुढे झुकला, दंड थरथरला, मनगटावरची शीर उठलेली मला दिसत होती, आणि हात मात्र जागच्या जागी, दगडासारखा. पाऊण सेकंद. पडदा लाल.

पाचव्यांदा. सहाव्यांदा. सातव्यांदा त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ओढायचा प्रयत्न केला.

मग दांडी सोडून दिली आणि हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. सोमवारी तो अकरावा बघत होता, तसेच.

"ऐकत नाही नलू," ते म्हणाले. "मी सांगतोय त्याला. ऐकतच नाही."

मी या माणसाला कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. नोकरीत त्यांचं एक इंजिन समुद्रावर बंद पडलं होतं, तेव्हाही घरी येऊन त्यांनी आधी जेवायला मागितलं होतं.

पोफळेसाहेबांचा कागद माझ्या हातात होता. मी तो त्यांच्यापुढे धरला, कारण त्यांनाही निवड मिळायला हवी होती. त्यांनी वाचला आणि परत दिला.

"नियामक काय म्हणतात?"

"सात दिवसांत उत्तर देतो म्हणतात."

"सात दिवस." त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "एकेक जण दिवसाला चार वेळा उतरतो." मग खिशातून फोन काढला. "एक वाजलाय ना? रेवा या वेळी फोनवर असते."

"तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं.

"दोन वर्षं दर गुरुवारी तुझा फोन एक ते एक वीस व्यस्त लागतो," ते म्हणाले. "मी वर्गाबाहेर येऊन लावून बघतो."

त्यांनी तिचा नंबर लावला. स्पीकरवर टाकला.

"आई?" रेवा म्हणाली. "बाबांच्या फोनवरून?"

"रेवा, मी बोलतोय." दोन वर्षांचं काय काय सांगायचं असेल देव जाणे, पण बाहेर पडला तो तपासणीचा अहवाल. "तू थांबली होतीस. मी तपासलं. पूर्ण थांबली होतीस. म्हणूनच आपटलं. चूक माझ्या शिकवण्यात होती. सगळ्यांच्या हातात ती आहे. चारशे अकरा जणांच्या."

पलीकडे ड्रोनची घरघर चालू होती, ती बंद झाली.

"चारशे अकरा," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. "आणि त्यातले आज किती उडताहेत?"

"शंभरेक असतील."

"मग तुम्ही मला कशाला फोन केलात?" ती ओरडली. "मी जमिनीवर आहे, बाबा! किनाऱ्यावर सकाळपासून झोत आहेत, त्यांचा वारा इथवर येतोय, मी स्वतः तीन ड्रोन खाली उतरवलेत. तिकडे कोण आहे आज ते बघा. मला नंतर करा. ठेवते."

फोन बंद झाला. मी केंद्राच्या संगणकावरून माजी विद्यार्थ्यांची यादी काढली, आज कोण कुठलं विमान उडवतंय ती विमान कंपन्यांची वेळापत्रकं शेजारी लावली, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या विमानांवर बोट ठेवलं. सहा नावं. पहिलं अभिराम खुर्दळेचं, थोरलीतला आजवरचा सर्वांत अव्वल विद्यार्थी. निघायची वेळ एक पंचवीस.

एक सोळा झाले होते. कॅप्टननी नंबर लावला. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला.

"सर! तुम्ही? नमस्कार सर! पटकन बोला हं, सगळे प्रवासी बसलेत, दरवाजा लावतोच आहे."

मागे कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. कॅप्टननी डोळे मिटून घेतले.

"अभिराम," ते म्हणाले, "दरवाजा लावू नकोस. विमानातून खाली उतर, बाळा."